ग्वाल्हेरचं सोनं शमीचं

ग्वाल्हेरला दसऱ्याच्या संध्याकाळी 'मांढरे की माता' मंदिराच्या मैदानात शिंदे घराण्याचे प्रमुख पारंपरिक वेषात शमीचं पूजन करतात. तलवार फांदीला लागली रे लागली, की जमलेली मंडळी पानांवर तुटून पडतात. हाती आलेली पानं घरी देवापुढे ठेवायची, मग थोरांना देऊन नमस्कार करायचा. पुण्या-नाशिककडून आलेले पाहुणे मात्र बुचकळ्यात पडतात. आपट्याच्या दुहेरी पानाऐवजी ही बारीक बारीक पानं कसली?

खरं तर मान शमीचाच. शमी न मिळाल्यास आपट्याची पूजा करावी, असं 'धर्मसिंधू' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. म्हणजे आपटा हा बदलीवरचा, आणि त्यामागे भूगोल आहे. शमी (प्रोसोपिस सिनेरारिया) कोरड्या, उष्ण मुलखाची. राजस्थानात ती खेजडी आणि तिथला राज्यवृक्षही. चंबळकडच्या गावांत तिला छोंकर म्हणतात. आपटा (बाउहिनिया रेसिमोसा) पानझडी जंगलातला. सह्याद्रीच्या पायथ्याशी तो सहज सापडतो, शमी तिथे शोधावी लागते. दोन्ही झाडं शेंगावर्गीय, पण या मोठ्या कुळाच्या अगदी वेगळ्या शाखांवरची.

शमीची खरी करामत जमिनीखाली आहे. तिचं सोटमूळ पाण्याच्या शोधात 30 मीटरांपर्यंत खोल जाऊ शकतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात, आजूबाजूला सगळं करपलेलं असताना, तिला नवी पालवी फुटते. मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, त्यात गळलेल्या पानांचं खत मिसळतं, आणि झाडाखालची माती सुपीक होते. म्हणूनच मारवाडातला शेतकरी बाजरीच्या शेतात खेजडी राखून ठेवतो. पाला गुरांना, कोवळ्या शेंगा सांगरीच्या भाजीला. आपट्याच्या गणातल्या झाडांच्या मुळांवर सहसा अशा गाठी होत नाहीत. मातीला सोनं करायचं काम शमीचं, असं मी म्हणतो ते याच कारणाने.

शमीच्या पोटात अग्नी असतो, ही समजूत फार जुनी. यज्ञाचा अग्नी घुसळून काढायच्या अरणीला शमीवर उगवलेल्या पिंपळाचं लाकूड घ्यावं, असा श्रौत परंपरेचा दंडक. शमीचं स्वतःचं लाकूड जड, उत्तम धगीचं, कोळसाही चांगला देणारं. समजुतीला अनुभवाचा आधार आहे. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली तीही शमीवरच. दाट आणि काटेरी झाड, शिवाय स्मशानाजवळचं, तिकडे कोण फिरकणार?

कौत्साची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. 14 विद्यांची गुरुदक्षिणा म्हणून 14 कोटी मोहरा हव्यात, रघुराजाने तर सगळं दान करून टाकलेलं, मग कुबेराने झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात ही कथा आहे, पण तिथे सोनं राजाच्या कोषागारात पडतं. झाडाचा पत्ताच नाही! ते लोकांनी आणलं, कुणी शमीचं, कुणी आपट्याचं, आपापल्या रानात जे होतं ते. मला हे फार आवडतं.

आता एक काळजीची गोष्ट. रोपवाटिकेत 'शमी' म्हणून जे रोप मिळतं, ते पुष्कळदा डायक्रोस्टॅकिस सिनेरिया या वेगळ्याच झुडपाचं असतं. फुलं आली की लगेच कळतं: त्याचा तुरा दुरंगी, अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा. शमीचा तुरा सडपातळ, फिकट पिवळा. फुलं नसतील तर पान हातात घ्या. शमीच्या पानाला उपशिरांच्या, म्हणजे बारीक पानं धरणाऱ्या छोट्या दांड्यांच्या, दोन-तीनच जोड्या असतात, त्या झुडपाच्या पानाला बऱ्याच जास्त. शमीची शेंग लांब, बारीक. त्याच्या शेंगा पिळवटून गुंतवळ झालेल्या. शमीचे काटे छोटे, शंकूसारखे, फांदीभर विखुरलेले. तिथे मात्र आखूड फांदीचंच टोक काटा होतं.

खरी शमी लावायची तर बियांपासून लावावी. कवच टणक असतं, म्हणून पेरण्याआधी बी रात्रभर पाण्यात भिजवावं. आणि रोप कुंडीत फार दिवस ठेवू नये. ज्या झाडाला खोल जायचंय, त्याला लवकर जमीन द्यावी. शमीपूजनाला डहाळी हवीच असेल, तर एक छोटी डहाळी पुरते.