विषाणू सर्वांचा, लस कुणाची?

बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने माणसे दगावत असताना, २००७च्या सुमारास इंडोनेशियाने आपल्याकडील विषाणूंचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांना देणे थांबवले. तोवर असे नमुने विनामूल्य जात, त्यांतून लसीसाठी योग्य वाण निवडले जाई आणि ते उत्पादकांना मिळे. इंडोनेशियातील विषाणूवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस तयार करत असल्याचे कळल्यावर तेथील आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी हरकत घेतली: नमुने फुकट द्यायचे आणि त्यांपासून झालेली लस मात्र आपल्याच लोकांना परवडणार नाही, हा कसला व्यवहार? नमुने अडवल्याने साऱ्या जगाचीच साथींवरील पाळत लंगडी होते, ही टीका रास्त होती. पण मूळ हरकतीचे उत्तर तिच्यात नव्हते.

ते काही अंशी २०११मध्ये मिळाले. नमुने घेणाऱ्या उत्पादकांनी साथीच्या काळात लस किंवा औषधांचा काही वाटा संघटनेसाठी राखून ठेवण्याचे करार करावेत, अशी चौकट सदस्य देशांनी स्वीकारली. ती फक्त इन्फ्लुएन्झापुरती होती.

कोविडच्या वेळी तर नमुन्याच्या कुपीचीही गरज उरली नाही. जानेवारी २०२०मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर केला आणि मॉडर्नाने काही दिवसांतच त्यावरून लसीचा आराखडा ठरवला. पुढे श्रीमंत देशांनी आगाऊ खरेदी करून साठे अडवले. गरीब देशांसाठीची ‘कोवॅक्स’ योजना पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर मोठी भिस्त ठेवून होती. २०२१च्या दुसऱ्या लाटेत भारताने लस देशातच वळवली आणि आफ्रिकेतील लसीकरण रखडले. मृत्यूचे थैमान चालू असताना कोणते सरकार वेगळे वागले असते? म्हणूनच वाटपाचे नियम साथीपूर्वीच ठरवावे लागतात आणि कारखानेही अनेक खंडांत असावे लागतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना येथील शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची माहिती तत्परतेने जगाला दिली, तेव्हा अनेक देशांनी तिकडच्या प्रवाशांवर बंदी घालून त्याची परतफेड केली.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेल्या महासाथ कराराने हा हिशेब मांडायला घेतला आहे. नमुन्यांच्या बदल्यात लसींचा वाटा देण्याच्या व्यवस्थेत सहभागी होणाऱ्या उत्पादकांनी साथीच्या काळात तयार होणाऱ्या लसी, औषधे आणि चाचण्यांपैकी २० टक्के संघटनेला उपलब्ध करून द्यावेत, त्यांत एकूण उत्पादनाचे किमान १० टक्के दान म्हणून आणि उरलेले परवडणाऱ्या दरात, असे उद्दिष्ट त्यात आहे. मात्र या देवाणघेवाणीचे तपशील करारात नाहीत. ते स्वतंत्र परिशिष्टावर सोपवले गेले. खरा पेच तिथेच आहे, कारण कुपीसोबत करारपत्र जोडता येते. संगणकावरून क्षणात उतरवून घेतलेल्या जनुकीय क्रमावर ती अट कशी लागू करायची, हे त्याहून कितीतरी अवघड आहे.