मासा का मेला?

"आई, तो आडवा पोहतोय."

सकाळचे साडेसहा वाजले होते. मुलगी सहा वर्षांची. आडवा पोहणारा मासा पोहत नसतो, हे मला बघायच्या आधीच कळलं. काचेच्या गोल बाऊलमध्ये केशरी गोल्डफिश कुशीवर तरंगत होता, एक डोळा छताकडे. घरात येऊन त्याला नऊ दिवस झाले होते.

अशा वेळी मोठ्यांच्या जिभेवर उत्तरं तयारच असतात. तो झोपलाय. तो देवाघरी गेला. तिसरं उत्तर बोलायचं नसतं, करायचं असतं: मुलीला शाळेत पाठवायचं आणि ती यायच्या आत तस्साच दुसरा केशरी मासा आणून बाऊलमध्ये सोडायचा. मी या तिसऱ्यापाशी येऊन ठेपलेच होते. पण मुलगी म्हणाली, "मेला ना?" आणि मी हो म्हटल्यावर, रडायच्याही आधी, "का मेला?"

मला माहीत नव्हतं. "म्हातारा झाला असेल," असं काहीतरी पुटपुटले. ते साफ खोटं होतं, हे नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये मेला तेव्हा 43 वर्षांचा होता. नऊ दिवसांत कुणी म्हातारं होत नाही. घरातला नवा मासा असा गेला तर पहिला संशय पाण्यावर घ्यायचा.

आमचं पाणी तर लख्ख होतं. तिथेच घोळ होता. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून बाऊल घासला होता. खडे चोळून चोळून धुतले, छोट्या फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळला, जुनं पाणी सगळं ओतून दिलं आणि नळाचं गार पाणी काठोकाठ भरलं. मासा परत सोडला. काय छान दिसतोय म्हणून फोटोही काढला. त्या एका संध्याकाळी आम्ही किती चुका केल्या ते मोजायला मला पुढचा आठवडा लागला.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच घाण करतो, ही सगळ्याची मुळातली अडचण. खाल्लेली प्रथिनं शरीरात मोडली की अमोनिया तयार होतो. आपलं यकृत त्याचा कमी घातक असा युरिया करून ठेवतं. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे ही खटपट करत नाहीत; ते अमोनिया मुख्यतः कल्ल्यांमधून सरळ पाण्यात सोडून देतात. नदीत, तळ्यात ते खपून जातं, कारण भोवती पाणीच अफाट. पाच लिटरच्या बाऊलमध्ये मात्र सोडलेलं सगळं त्याच्याच अंगाशी येतं. तळाशी न खाल्लेले दाणे कुजत असतील तर त्यात आणखी भर.

शिवाय अमोनियाची एक खोड आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं कल्ले जाळणारं. कुठलं रूप किती, हे पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी याचं माप) आणि तापमान ठरवतं. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागसुद्धा घातक रूपात नसतो. पीएच 8 झाला की ते प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास जातं. मासा तोच, खाणं तेवढंच, पाणीही तेवढंच, आणि विष जवळजवळ दहापट. 'आमचा तर असाच बाऊलमध्ये मजेत जगला' असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्यांच्या नळाचं पाणी वेगळं असू शकतं, एवढं त्यांच्या लक्षात आलेलं नसतं.

मग फिशटँकमधले मासे जगतात कसे? जिवाणूंच्या जिवावर. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने मातीतले असे जिवाणू वेगळे काढून दाखवले, ज्यांचं पोटच अमोनियासारख्या पदार्थांवर चालतं. काही जण अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे त्या नायट्राईटचं नायट्रेट. मधला टप्पा माशासाठी वाईटच: नायट्राईट रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी होतं आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. शेवटचं नायट्रेट त्या मानाने सौम्य. थोडं पाणवनस्पती शोषून घेतात, बाकीचं आपण अधूनमधून पाणी बदलून काढायचं.

इथे जरा आडवाटेला जाते, कारण मला या गोष्टीची मौज वाटली. या साखळीबद्दल विज्ञानाला जे कळत गेलं त्यात माशांच्या टाक्यांचा वाटा मोठा आहे. अमोनियावर जगणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, 2005 मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत वेगळे वाढवले गेले ते सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून काढून. आणि अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं काम दोन वेगळ्या गटांनीच वाटून घेतलेलं असतं, ही शंभराहून अधिक वर्षांची समजूत 2015 मध्ये मोडली. नायट्रोस्पायरा या जिवाणूचे काही प्रकार दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, असं दोन संशोधक गटांना एकाच वेळी दिसलं. त्यांतल्या एका गटाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता.

तर हे कामकरी पाण्यात फारसे तरंगत नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर बुळबुळीत थर धरून बसतात. आम्ही नेमका तो थर घासून काढला होता. जे उरले असतील त्यांना नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने गाठलं. जंतू मारण्यासाठीच तो पाण्यात घातलेला असतो. तोच क्लोरिन माशाचे कल्लेही भाजतो. त्यात बाऊलमधल्या कोमट पाण्यातून मासा एकदम गार पाण्यात गेला. मासा शीतरक्ताचा, त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर बदलतं, आणि इतका अचानक बदल त्याला सोसत नाही. काठोकाठ भरण्याचा उत्साहही नडला. गोल बाऊल वर निमुळता होतो, त्यामुळे काठापर्यंत भरला की हवेला टेकणारा पाण्याचा पृष्ठभाग लहान होतो, आणि ऑक्सिजन तर तिथूनच आत येतो. तसाही पाण्यात तो फार मावत नाही: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात.

आता ते तिसरं उत्तर पुन्हा आठवा. मी त्याच दिवशी दुसरा मासा आणला असता तर तोही त्याच पाण्यात, त्याच जिवाणू नसलेल्या बाऊलमध्ये पडला असता. मुलीला एका आठवड्यात दुसरं मरण बघावं लागलं असतं, आणि या खेपेला ती मला काही विचारायला आली नसती, कारण माशाच्या शेपटीवरचा पांढरा ठिपका कुठे गेला हे मुलं बरोबर ओळखतात.

मुलांना मरण केव्हा कळतं, यावर बराच अभ्यास झालेला आहे. मारिया नॅगी या मानसशास्त्रज्ञांनी हंगेरीतल्या 3 ते 10 वर्षांच्या 378 मुलांशी बोलून केलेलं काम 1948 मध्ये प्रसिद्ध झालं. अगदी लहान मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं, त्यातून परत येता येईल असंही वाटतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. पुढे स्पीस आणि ब्रेंट यांनी 1984 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मेलेलं परत जिवंत होत नाही, मेल्यावर शरीराचं कुठलंच काम चालत नाही, आणि प्रत्येक सजीव कधीतरी मरतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना 5 ते 7 वर्षांच्या दरम्यान उमगतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे घरात मासा आणला जातो आणि मरतो ते बहुधा याच वयात.

म्हणून 'झोपलाय' हे सगळ्यांत वाईट उत्तर. झोपलेला मासा उठला नाही, हे पाहिलेल्या मुलाला त्याच रात्री दिवा मालवून झोप म्हणायचं, हा अन्यायच आहे. 'देवाघरी गेला' हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे सांगावं, पण तेवढंच सांगितलं तर चार वर्षांचं पोर विचारतं, मग परत कधी येणार? तिथे पाणी आहे का? त्याच्या जोडीला साधं वाक्य लागतंच. मी शेवटी म्हटलं, "तो मेला. त्याचे कल्ले हलायचे थांबले. आता त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखतही नाही." 'मेला' हा शब्द आपल्यालाच कडू लागतो, मुलं तो सहज उचलतात.

ती दहा मिनिटं हमसून रडली. मग म्हणाली, "मी पेन्सिलला टोक करू?" मला क्षणभर वाईट वाटलं, पण मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्याने येतं. रात्री दात घासताना पुन्हा रडली. तोच प्रश्न चार दिवसांत निदान वीस वेळा आला. दरवेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत दिलं. उत्तर बदलतंय का, हे मूल तपासत असतं असं मला वाटतं.

खरा काटा निघाला तो दुसऱ्या दिवशी. "मी त्याला गुपचूप जास्त खाऊ घातला होता." या वयात मुलांना वाटतं की आपण रागावलो, विसरलो, मनात काही आणलं, म्हणून तसं घडलं. "छे, तुझ्यामुळे काही नाही," म्हणून मी उडवून लावू शकले असते, पण जास्त खाण्याने पाणी बिघडतं हे खरंच होतं. मग तिला पाण्याची सगळी गोष्ट सांगितली: अमोनिया, जिवाणू, आपण दोघींनी घासलेला थर. आणि हेही की पाणी तपासणं हे माझं काम होतं, तुझं नव्हे. मुलांना जबाबदारी शिकवायला मासा आणावा, असं लोक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. सहा वर्षांच्या मुलावर एका जिवाची जबाबदारी टाकायची आणि तो जीव गेला की हा धडा होता म्हणायचं, हे दोघांवरही अन्यायाचं. दाणे टाकायचं काम मुलांनी करावं, दोन मिनिटांत संपतील एवढेच. हिशेब मोठ्यांनी ठेवावा.

'एवढासा मासा तर होता' असं म्हणणाऱ्यांसाठी: ट्राऊट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे चेतातंतू असल्याचं 2003 मध्ये दाखवलं गेलं. गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची, ही तर निव्वळ थाप. शिकवलेली गोष्ट तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. 2022 मध्ये इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या गोल्डफिशांनी चाकं लावलेली टाकी स्वतःच्या पोहण्याने चालवत खोलीतल्या ठरलेल्या खुणेपर्यंत नेऊन दाखवली.

मेलेला मासा लगेच बाहेर काढायचा, कुजला तर तोही अमोनियाच सोडतो. हाताला जखम असेल तर हातमोजे घालायचे; फिशटँकच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू त्वचेत शिरून महिनोन्‌महिने न भरणारी गाठ करू शकतो. टॉयलेटमध्ये टाकून पाणी सोडू नका. मुलाच्या देखत तर नाहीच. आम्ही कुंडीत खोल पुरला. तिसऱ्या दिवशी मुलीने उकरून बघू का विचारलं. मला कसंसंच झालं, पण तिला हाडं दिसतात का तेवढंच बघायचं होतं. थोडे दिवस थांब म्हटलं, ती विसरली. आणि जिवंत मासा नकोसा झाला तर नदीत, तळ्यात सोडू नये. सोडलेले गोल्डफिश जगतात, वाढतात, आणि तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

मग सहा आठवडे आमच्याकडे मासा नव्हता, नुसती टाकी होती. बाऊल देऊन टाकला. गोल्डफिश वीतभर आणि त्याहूनही मोठा होतो, त्याला बाऊल कधीच पुरणार नव्हता. फायटर मासा तरी बाऊलमध्ये राहील ना, असं कुणीतरी सुचवलं. फायटरला डोक्यात चक्रव्यूहासारखा एक खास अवयव असतो, त्यामुळे तो तोंड वर काढून हवेतला ऑक्सिजन घेतो आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तग धरतो. पण अमोनिया त्याचेही कल्ले जाळतो आणि पाणी त्याला 24 ते 28 अंशांचं लागतं. तग धरणं वेगळं, जगणं वेगळं.

मोठी, आयताकृती टाकी आणली. जितकं पाणी जास्त, तितके बदल सावकाश. नवशिक्याला छोटीपेक्षा मोठी टाकी सोपी. तिच्यात फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर दाणे टाकले, नुसते कुजायला. नव्या टाकीत जिवाणूंचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटची नळी मुलगी हलवायची. अमोनिया नसला की पिवळी, वाढला की हिरवी. पहिले दोन आठवडे हिरवी, मग आणखी हिरवी, मग नायट्राईटची नळी निळ्याची जांभळी झाली. तिने वहीत रंगांचे चौकोन भरले. मासा नसलेल्या टाकीसमोर मूल इतका वेळ बसेल, असं मला वाटलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात अमोनियाची नळी पिवळी राहिली, सहाव्यात नायट्राईटची निळी.

नवा मासा आला तेव्हा पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग थोडंथोडं टाकीचं पाणी पिशवीत. आता आठवड्याला पाव टाकीच पाणी बदलतो, क्लोरिन काढणारं औषध घातलेलं आणि आतल्या पाण्याइतकंच कोमट. नुसतं रात्रभर ठेवून साधा क्लोरिन उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाईन असतं, ते तसं जात नाही. स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा खळबळतो, नळाखाली कधीच नाही. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला, पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसला, की औषध शोधायच्या आधी नळी.

"हा पण मरणार?" तिने पहिल्याच रात्री विचारलं.

"हो, कधीतरी."

"नऊ दिवसांत?"

"नाही वाटत."

दहाव्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती आधीच टाकीपाशी होती. नळी खिडकीच्या उजेडात धरून डोळे बारीक करून बघत होती. पिवळी होती.