रंगमंचावरची जादू आणि नामवंत जादूगार

रंगमंचावरची जादू म्हणजे हातचलाखी, पेट्या-यंत्रं, लाइट, म्युझिक आणि तोंडाची अखंड बडबड हे सगळं एकत्र करून तिकीट लावून दाखवलेला खेळ, ज्यात समोर दिसतंय ते खरं नाही हे करणाऱ्यालाही माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. करणी, भानामती, अंगारे-धुपारे यांच्याशी या धंद्याचं काही देणंघेणं नाही, जगातल्या मोठमोठ्या जादूगारांनी तर असल्या दाव्यांच्या विरोधात जाहीरपणे काम केलंय, त्याबद्दल पुढे येईलच. जादूगार हा मुळात नाटकवाला माणूस. त्याचं सामान ट्रकमधून येतं, त्याला पडदा लागतो, विंग लागते, पेटीमागे उभी राहणारी माणसं लागतात आणि हाउसफुल्लचा बोर्ड लागला तरच त्या सगळ्यांचा पगार निघतो. त्यामुळे हा विषय सांगली-साताऱ्याकडून बघायला घेतला तर काही ओढूनताणून करावं लागत नाही, या दोन्ही जिल्ह्यांचा त्याच्याशी चांगला जवळचा संबंध आहे.

सांगलीची पार्श्वभूमी

विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं, तिथून मराठी नाटक सुरू झालं आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणायला लागले, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की भावे लाकडी बाहुल्यांचे पट्टीचे कारागीर होते, दोऱ्या ओढल्या की मान-हात हलणाऱ्या बाहुल्या त्यांनी तयार केल्या होत्या, आणि याच बाहुल्या कितीतरी दशकांनी रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या. रामदासांचे वडील यशवंत पाध्ये म्हणजे आपल्याकडचे सुरुवातीचे शब्दभ्रमकार (ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे), अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचे निर्माते. लपवलेली दोरी, लपवलेला आवाज, लपवलेला माणूस. जादूच्या प्रयोगाचं सगळं मूळ यातच आहे.

दुसरा धागा सर्कशीचा. अंकलखोपचे (आताचा पलूस तालुका) विष्णुपंत छत्रे हे भारतीय सर्कशीचे जनक. १८७९ मध्ये मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आलेली, ती बघून छत्र्यांनी लगेच १८८० मध्ये स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. नंतर म्हैसाळ, तासगाव या पट्ट्यातून आणखी सर्कशी निघाल्या, म्हैसाळच्या देवलांची सर्कस तर चांगली नावाजलेली. भारतातल्या सुरुवातीच्या स्टेज जादूगारांना पहिला मोठा प्रेक्षक मिळाला तो बऱ्याचदा सर्कशीच्याच तंबूत. बंगालचे गणपती चक्रवर्ती बोस सर्कशीत जादू करायचे, आणि ज्यांना आपण भारतीय जादूचे महाराज म्हणतो त्या पी. सी. सरकारांचे ते गुरू. म्हणजे अंकलखोपच्या माणसाने आपल्या देशात जी तंबूची परंपरा सुरू केली तिच्यात हा धंदाही वाढला.

त्याच्या आधी रस्त्यावरचा खेळ होताच. गारुडी, मदारी, आंब्याच्या कोयीतून झाड काढणारे, टोपलीत पोरगं बसवून तलवारी खुपसणारे. जत्रेच्या गर्दीत चारी बाजूंनी माणसं खेटून उभी असताना आणि वर उघडं आभाळ असताना हे करून दाखवायचं, पडदा नाही की विंग नाही, त्यामुळे माझ्या मते कौशल्याच्या हिशोबात ही माणसं स्टेजवाल्यांच्या वरचढ होती आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत याचं खरंच वाईट वाटतं. दोरीवर चढून गायब होणाऱ्या पोराची जी जगप्रसिद्ध गोष्ट आहे ती मात्र यांच्या नावावर उगाच लागली. १८९० मध्ये शिकागोच्या एका पेपरने ती छापली आणि काही महिन्यांनी मनगढंत असल्याचं स्वतःच कबूलही केलं, पण गोष्ट तोवर जगभर पोचलेली.

प्रयोग कसा चालतो

पेट्या, करवत, तलवारी यांच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, पण जादूगाराची खरी कसोटी छोट्या वस्तूत लागते. सरकारांच्या प्रयोगात 'वॉटर ऑफ इंडिया' नावाचा एक साधा आयटम असायचा. एक लोटा, पाण्याने भरलेला. सुरुवातीला तो पूर्ण उपडा करून रिकामा करतात, शेवटचा थेंब पडेपर्यंत, आणि सगळ्यांना दिसेल असा बाजूला ठेवून देतात. मग दुसरा एखादा मोठा आयटम होतो, टाळ्या होतात, जादूगार चालता चालता लोट्याकडे वळतो आणि परत उपडा करतो तर त्यातून पुन्हा पाण्याची धार. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. हळूहळू हॉलमधली पोरं दुसरा आयटम चालू असतानाही लोट्यावरच डोळे लावून बसतात, आणि जादूगाराला हवं असतं तेच, कारण तेवढ्या वेळात दुसरीकडे त्याचं काम होऊन जातं. महागडी मशिनरी लागत नाही, फक्त कधी वळायचं आणि कधी नाही याचा अंदाज लागतो, आणि तो यायला वर्षं जातात.

प्रसिद्धीचं तंत्र हा या धंद्याचा अर्धा भाग. १७ जानेवारी १९२१ ला लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटरात पी. टी. सेल्बिट यांनी बाईला पेटीत घालून करवतीने कापायचा आयटम पहिल्यांदा जाहीरपणे केला, आणि मग थिएटरबाहेर ॲम्ब्युलन्स उभी करायची, दोन खेळांच्या मध्ये लाल पाण्याच्या बादल्या गटारीत ओतायच्या असले उद्योग चालायचे. आपल्याकडे रिक्षावर भोंगा लावून पुकारा करणं आणि डोळ्यांवर कणकेचे गोळे, वर पट्टी, वर काळी पिशवी असं सगळं बांधून भर गर्दीत मोटरसायकल चालवणं ही जुनी पद्धत. साताऱ्यात असली फेरी काढायची तर पोवई नाक्यावरून राजपथाने राजवाड्यापर्यंत काढावी, तेवढ्या रस्त्यात अर्धं गाव बघतं. संध्याकाळी शाहू कला मंदिराच्या किंवा सांगलीत भावे नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर रांग लागली तर फेरी कामी आली म्हणायची.

मोठी नावं

आधुनिक स्टेज जादूची सुरुवात फ्रान्सच्या रॉबेर-उदँ (१८०५-१८७१) यांच्यापासून धरतात. हा माणूस घड्याळजी. १८४५ मध्ये पॅरिसला स्वतःचं छोटं थिएटर काढलं, मांत्रिकाचे झगे टाकून दिले आणि साध्या पार्टीच्या कोटात उभा राहिला. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जेरियात पाठवलं, तिथले फकीर चमत्कार दाखवून लोकांना सरकारविरुद्ध भडकवतात म्हणून. तिथे त्याने एक लहानशी पेटी ठेवली, पोराने सहज उचलली, आणि मग एका पैलवानाला सांगितलं उचल, तर तो घामाघूम झाला पण पेटी जागची हलेना. स्टेजखाली विद्युतचुंबक होता. अर्थात यात वसाहतवादी सरकारचं राजकारण होतं आणि ते काही कौतुकाचं नाही, पण जादूगार चमत्कारवाल्यांसमोर उभा राहतो ही परंपरा तिथून दिसायला लागते.

हॅरी हुडिनी (१८७४-१९२६) बुडापेस्टला जन्मलेला, गरीब ज्यू घरातला, अमेरिकेत वाढलेला. बेड्या, कुलपं, पाण्याची टाकी यातून सुटून दाखवणं हे त्याचं वैशिष्ट्य, आणि जिथे जाईल तिथल्या पोलिसांना आव्हान देणं ही त्याची जाहिरात. पण आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत तो मेलेल्यांचे आत्मे बोलावतो म्हणणाऱ्या लोकांच्या मागे हात धुवून लागला. वेष बदलून त्यांच्या बैठकांना जायचा, लबाडी पकडायचा, आणि मग स्टेजवर तीच गोष्ट उघडी करून दाखवायचा. १९२६ मध्ये वॉशिंग्टनला भविष्य सांगून पैसे घेण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकासाठी तो अमेरिकन संसदेच्या समितीसमोर साक्ष द्यायलाही गेला. कायदा काही झाला नाही, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला अपेंडिक्स फुटून तो गेला.

पी. सी. सरकार, म्हणजे प्रतुलचंद्र सरकार (१९१३-१९७१), टांगाइलचे, आता ते बांगलादेशात येतं. यांच्याआधी भारतीय जादूगार परदेशात गेला की त्याच्याकडे फकीर-गारुडी म्हणूनच बघायचे. सरकारांनी महाराजाचा पोशाख घातला, फेटा-तुरा, झगमगीत पडदे, मोठा संच, वाद्यं, आणि 'इंद्रजाल' नावाचा संपूर्ण शो उभा केला, आणि स्वतःला जगातला सर्वश्रेष्ठ जादूगार म्हणवून घेतलं. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी दीप्ती डे या आपल्या सहकारी मुलीला करवतीने मधोमध कापलं, त्यानंतर तिला हाका मारल्या, हात चोळले, ती काही उठेना, आणि तेवढ्यात निवेदक पुढे आला आणि वेळ संपली म्हणून कार्यक्रम बंद. लोकांना वाटलं पोरगी गेली. बीबीसीचे फोन वाजत राहिले, दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर बातमी, आणि सरकारांचा लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरातला सीझन तुफान चालला. वेळ चुकून संपली असं मानायला मी तरी तयार नाही, इतकं मोजून काम करणारा माणूस मिनिटं मोजणार नाही हे शक्यच नाही. १९६४ मध्ये पद्मश्री मिळाली. ६ जानेवारी १९७१ ला जपानमध्ये दौऱ्यावर असतानाच हार्ट ॲटॅकने गेले, आणि मुलगा प्रदीप म्हणजे पी. सी. सरकार ज्युनियर तिकडे जाऊन बापाचे राहिलेले प्रयोग करायला उभा राहिला. नाटक कंपनीच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको, तारखा घेतलेल्या असतात, माणसं पोटावर अवलंबून असतात.

के. लाल (कांतिलाल व्होरा) गुजरातमधल्या बगसऱ्याचे, कापडाच्या व्यापारातून आलेले, त्यांचा शो वेगासाठी गाजला, एक आयटम कळायच्या आत दुसरा. त्यांचा मुलगाही बापाबरोबरच स्टेजवर उभा राहायचा. गोगिया पाशा मूळचे पंजाबी पण इजिप्शियन थाटात वावरायचे, 'गिली गिली' हा त्यांचा मंत्र आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडात बसलेला. दुसऱ्या देशाचा वेष घ्यायची ही रीत तिकडेही होती, चुंग लिंग सू म्हणून गाजलेला चिनी जादूगार खरा विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. बंदुकीची गोळी झेलायच्या आयटममध्ये मार्च १९१८ ला लंडनच्या स्टेजवर बंदुकीत बिघाड होऊन खरीच गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला.

मराठी माणसाचा जादूगार म्हणजे रघुवीर. रघुवीर भोपळे (१९२४-१९८४), पुण्याचे. गरिबीतून वर आलेले आणि मराठीत खळखळून बोलत प्रयोग करणारे, देशात-परदेशात हिंडले तरी शाळा-संस्थांच्या मदतीसाठी खेळ लावणारे. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी पुढे तेच काम चालवलं, सलग तीन पिढ्या. उत्तर भारतीय जादूगारांचे मोठे संच चकाचक असतात यात शंका नाही, पण स्टेजवरून 'या बाळासाहेब, वर या, घाबरू नका' असं आपल्या भाषेत ऐकलं की पुढच्या रांगेतलं पोर पटकन उठतं, ती गोष्ट पैशाने येत नाही.

बायकांच्या वाट्याला फार दिवस पेटीत झोपायचं कामच आलं. अमेरिकेत ॲडलेड हरमन यांनी नवरा १८९६ मध्ये वारल्यावर त्याचा शो स्वतःच्या नावावर बरीच वर्षं चालवला, आपल्याकडे सरकार घराण्यातल्या मनेका सरकार पुढे आल्या. मूळच्या उदयपूरच्या सुहानी शाह सातव्या वर्षापासून स्टेजवर आहेत, आता मन ओळखायचे प्रयोग करतात, आणि २०२५ मध्ये इटलीत झालेल्या जागतिक जादू स्पर्धेत त्यांना ऑनलाइन जादूसाठीचा पुरस्कार मिळाला.

साताऱ्याचं वेगळेपण

डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५-२०१३) साताऱ्याचे. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि समितीचे कार्यकर्ते गावोगावी जे चमत्कार सादरीकरण करतात ते जादूच्याच तंत्रावर उभं आहे. रिकाम्या हातातून अंगारा काढणं (अंगाऱ्याची वाळवलेली गोळी बोटांच्या बेचक्यात धरलेली असते, चुरडली की झालं), जिभेवर कापूर पेटवणं, पाणी शिंपडून होम पेटवणं. आधी करून दाखवायचं, लोक 'आँ' करतात, मग सगळ्यांसमोर कसं केलं ते सांगायचं, आणि एखाद्या पोराला वर बोलावून त्याच्याकडूनच करून घ्यायचं. केरळचे बी. प्रेमानंद हे जादूगारही हेच करत देशभर हिंडले होते. व्यवसायाने जादू करणारा आपली युक्ती कधी फोडत नाही, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि त्यात काही गैर नाही कारण तो युक्ती आहे हे लपवत नाही. तीच युक्ती कुणी दैवी शक्ती म्हणून विकायला लागला तर ती फोडणं योग्य, असं मला मनापासून वाटतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे, करमणुकीसाठी केलेल्या जादूच्या प्रयोगाला या कायद्याने काही धक्का लागत नाही.

आज पूर्ण संच घेऊन आठवडाभर एका गावात मुक्काम ठोकणारे जादूगार कमी झालेत. हॉलचं भाडं, ट्रकचं डिझेल, माणसांचा पगार हे तिकिटातून निघत नाही, आणि मोबाईलवर युक्त्या फोडणारे व्हिडिओ फुकट मिळतात. काम मिळतं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवात, वाढदिवसाला, सोसायटीच्या कार्यक्रमात, एका बॅगेत मावेल तेवढ्या सामानावर, बाइकवर जाऊन. पत्ते, दोरी, रुमाल, रिंगा, नाणी. स्टेज नसतं, पोरं तिन्ही बाजूंनी अंगावर येतात, एखादं मागे जाऊन बॅगेत डोकावतं, म्हणजे हात पुन्हा त्या जुन्या गारुड्यांइतकाच साफ लागतो.