खानदेशातील शहरांचे मतदान

खानदेशातील शहरांचे मतदान : जळगाव, धुळे, भुसावळ व नंदुरबार या शहरांत कोण राहतो, कोणत्या वस्तीत राहतो आणि मतदानाच्या दिवशी तो गावात असतो की नाही, यांचा मतांच्या कलाशी व टक्केवारीशी असलेला संबंध. चहाच्या टपरीवर हा विषय ‘कोणत्या समाजाची किती मते’ एवढ्यावरच मिटतो. तो हिशेब खोटा नाही, पण अर्धा आहे. आपली मते एका जागी पडतात का आणि समोरच्यांची फुटतात का, यावर निकाल ठरतो.

२०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४.६० लाख, तर धुळ्याची ३.७५ लाख होती. दोन्ही ठिकाणी २००३ साली महानगरपालिका झाली. जळगावात लेवा पाटीदार, मराठा, कोळी, मुस्लिम, बौद्ध, मारवाडी, सिंधी अशी सरमिसळ आहे. मेहरूण, पिंप्राळा ही मूळची गावे शहराच्या पोटात आली, पण त्यांची भाऊबंदकी मोडली नाही. त्यामुळे महापालिकेच्या मतदानात पक्षाइतकीच सोयरीकही बोलते. बहुसदस्यीय प्रभागात एका मतदाराला अनेक मते द्यायची असतात, म्हणून एक मत नात्याला आणि उरलेली पक्षाला, अशी वाटणीही सहज होते.

धुळ्याची रचना वेगळी. जुन्या पेठेतल्या गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात, पांझरा नदीपलीकडे देवपुरात नोकरदारांच्या कॉलन्या आहेत आणि यंत्रमागाभोवती मुस्लिम कामगारांची दाट वस्ती आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत धुळे शहरातून एमआयएमचे फारुख शाह ४६,६७९ मतांवर, अवघ्या ३,३०७ च्या फरकाने निवडून आले. उरलेली मते मुख्यतः राजवर्धन कदमबांडे, अनिल गोटे व शिवसेनेचे हिलाल माळी यांच्यात वाटली गेली होती. २०२४ मध्ये शाह यांची मते वाढून ७० हजारांवर गेली, तरी भाजपचे अनुप अग्रवाल यांनी त्यांचा ४५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. पाच वर्षांत शहराची लोकसंख्या पालटली नव्हती. बदलली ती विरुद्ध बाजूच्या मतांची विभागणी.

याच्या उलट टोक मालेगावात दिसते. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असले तरी मालेगाव मध्य हा विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेला जोडलेला आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपचे सुभाष भामरे इतर पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. मात्र मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी विजयी झाल्या. ‘एकगठ्ठा मतदान’ हा शब्द अशा वेळी एकाच समाजासाठी वापरायची सवय आहे, पण गावकीच्या पॅनलला सगळी मते टाकणारे खेडेही एकगठ्ठाच मतदान करत असते.

टक्केवारीचे गणित आणखी गुंतागुंतीचे. २०२४ च्या लोकसभेला नंदुरबारमध्ये ७०.६८, भुसावळ ज्यात येते त्या रावेरमध्ये ६४.२८, धुळ्यात ६०.२१ आणि जळगावात ५८.४७ टक्के मतदान झाले. सर्वांत ग्रामीण व आदिवासीबहुल नंदुरबार पुढे, तर या चारही शहरांत मोठे जळगाव ज्या मतदारसंघात आहे तो शेवटी. शहरी माणूस आळशी, हा यावरचा सोपा निष्कर्ष. पण मतदारयादीही तपासायला हवी. शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नावे घरच्या यादीत तशीच राहतात, घर बदलल्यावर यादीतला पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ भरायचा राहून जातो आणि ही सगळी नावे टक्केवारीच्या छेदात मोजली जातात.

त्यात दिनदर्शिका आडवी येते. नंदुरबार, जळगाव व रावेरचे मतदान १३ मे रोजी होते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया १० मे रोजी. आखाजीला खानदेशातली सासुरवाशीण माहेरी येते, झोक्यावर गाणी म्हणते. तिचे नाव मात्र सासरच्या यादीत. सण, लग्नसराई आणि चाळिशीपलीकडचा पारा एकत्र आले की दुपारी केंद्रावर गर्दी नसते.

भुसावळ हे रेल्वेचे गाव. इथल्या रेल्वे क्वार्टरमधला कर्मचारी बदलीबरोबर शहर सोडतो, नाव मागे ठेवून. विधानसभेची ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याने इथे सर्वच प्रमुख पक्षांना त्या समाजातूनच उमेदवार द्यावा लागतो आणि इतर समाजांचा कल कुठे जातो, याला अधिक वजन येते.

खानदेशी मतदारांची एक मोठी वस्ती खानदेशाबाहेरच, सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आहे. एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदवण्यास १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा मनाई करतो. तरीही गावाकडचे नाव काढायला पुष्कळांचा जीव होत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला गाडी करून येणारी ही माणसे लोकसभेला बहुधा सुरतेतच असतात.