पळते आठ किलोमीटर, खाते दोन खारी

आमच्या भाचीमुळं हे लिहायला बसलोय. वय १५, वजन ४५ किलो, खानापूर तालुक्यातलं गाव, १५०० मीटरच्या शर्यतीत पळते, सरावाला दिवसाला आठ किलोमीटर. पहाटे साडेपाचला कपभर चहा नि दोन खारी, की लागली पळायला, तिथनं तशीच शाळेला, डब्यात दोन चपात्या नि भाजी, संध्याकाळी परत ग्राउंड, रात्री दमून अर्धं ताट ठेवून झोप. नडगी दुखते म्हणून दोन महिने नुसता स्प्रे मारत होती. मग एक दिवस ताई हळूच बोलली, चार महिने झाले पाळी नाही, पण ग्राउंडवर सगळे म्हणतात पळणाऱ्या पोरींचं असंच असतंय, बरंच की, कटकट नाही.

नाही ओ ताई, बरं कसलं!

हिशोब बघा. ४५ किलोतली अंदाजे ९ किलो चरबी धरली तर उरलं ३६ किलो. व्यायामाचा खर्च वजा करून या उरलेल्या दर किलोमागं दिवसाला साधारण ४५ कॅलरी शिल्लक राहायला पाहिजेत, म्हणजे १६२० झाल्या. पळण्यात ५०० गेल्या धरा, म्हणजे खायला पाहिजे २१०० च्या वर. ही खाते १५०० च्या आसपास. शिल्लक हजार, किलोमागं २८. तिशीच्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतंय, आणि काटकसरीत पहिल्यांदा काय बंद करायचं तर ज्याच्याशिवाय आज जीव जाणार नाही ते. मेंदूतनं अंडाशयाला जाणारे सिग्नल मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते. आणि इस्ट्रोजेन हाडांचं पण राखणदार, त्यामुळं नडगीला बारीक चिरा पडायची भीती. मुलींची जवळजवळ ९० टक्के हाडं अठराव्या वर्षापर्यंत भरलेली असतात, म्हणजे हेच दिवस हाडं भरायचे आणि हेच उपाशी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ ला याला, म्हणजे खेळाडूला खाण्यातनं ऊर्जा कमी पडण्याला, रेड-एस असं नाव दिलं, आणि त्यात पोरं पण आली, त्यांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं, फक्त पाळीसारखी खूण नसल्यानं कुणाला कळत नाही. तीन महिने पाळी चुकली तर डॉक्टरकडं जायचं, ग्राउंडवरच्या सल्ल्यावर राहायचं नाही.

तालमीतल्या पोरांचं वेगळंच. एरवी खुराक दणकून, दूध, बदाम, थंडाई सगळं, पण मॅटवरच्या स्पर्धेत खालच्या वजन गटात बसायचं म्हटलं की दोन दिवस पाणी तोडायचं, जाड स्वेटर घालून पळायचं. हे पाणी घटवणं आहे ओ, चरबी नाही. १९९७ ला अमेरिकेत असंच वजन उतरवताना कॉलेजातले तीन पैलवान महिन्याभरात गेले, तेव्हा तिथले नियम बदलले.

आता लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या १०० मुलींमागं ५९ जणींना रक्तक्षय निघालाय. लोह कमी म्हणजे रक्तातनं ऑक्सिजन कमी, म्हणजे तिसऱ्या राऊंडला पाय जड, आणि सर म्हणणार आळशी झालीस. आपल्याकडं जेवणाबरोबर चहा घेतात तो तासभर लांब ठेवायचा, चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. हुलग्याच्या आमटीवर लिंबू पिळा, त्यानं उलट शोषण वाढतं. गुळानं रक्त वाढतं वगैरे, लाडवातल्या तेवढ्याशा गुळानं नाही वाढत.

प्रोटीन पावडरचा डबा आणायचा का, ताईनं विचारलंच. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, मूठभर शेंगदाण्यात ७-८, वर दूध, डाळ, उसळ. ४५ किलोच्या पोरीला दिवसाला ६०-७० ग्रॅम बास, घरातच भागतंय. नाचणा तर दारातच पिकतो, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि आम्ही तो म्हाताऱ्यांच्या आंबिलीला ठेवतो!

डॉक्टरला दाखवलं, पळणं सध्या बंद, हळूहळू चालू करायचंय. पहाटे केळं नि दूध, सॅकमध्ये शेंगदाण्याचे लाडू. परवा फोन केला तर म्हणते, मामा, लाडू सगळे मैत्रिणीच खाऊन सोडल्यात, आईला जास्त करायला सांगा की.