फ्रिट्झ की ओटमार? दोन वाल्टर भावांची नीट ओळख

४ जुलै १९५४ रोजी बर्नच्या वांकडॉर्फ मैदानात पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असं हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्या अकरा जणांच्या यादीत 'वाल्टर' हे आडनाव दोनदा येतं. दोघे सख्खे भाऊ, दोघांचा जन्म कायझर्सलाउटर्नचा आणि दोघांची कारकीर्द घडली ती तिथल्याच क्लबात. जुन्या वृत्तांतात नुसतं 'वाल्टरचा गोल' असं दिसलं की वाचणारा तो फ्रिट्झच्या खात्यात टाकून मोकळा होतो, कारण कर्णधार तोच होता. यात धाकट्या ओटमारवर उघड अन्याय होतो. शिवाय थोरला नेमका कशामुळे मोठा होता, तेही निसटतं.

पहिला फरक जागेचा. त्या काळी पुढे पाच खेळाडू असत : दोन कडेला, मधोमध सेंटर फॉरवर्ड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे, दोन इनसाइड. १९५४ साली फ्रिट्झ होता डावा इनसाइड. खाली येऊन बॉल घ्यायचा, मान वर करून कोण मोकळा आहे ते बघायचं आणि तिथे पास द्यायचा, हे त्याचं काम. कॉर्नर तो घ्यायचा, पेनल्टीही तोच. ओटमार सेंटर फॉरवर्ड. बचावफळीला अंगावर घेऊन गोलसमोर जागा काढायची आणि आलेला बॉल जाळ्यात घालायचा. अंतिम सामन्यातला जर्मनीचा दुसरा गोल आठवा. डावीकडून फ्रिट्झचा कॉर्नर उंच आला, गोलरक्षक ग्रोशिचला तो गर्दीत धरता आला नाही आणि पलीकडे उभ्या हेल्मुट रानने तो आत मारला. फ्रिट्झचा वाटा असा असायचा, गोल करणाऱ्यांच्या यादीत न दिसणारा.

फोटोत ओळखायचं तर पाठीवरचा आकडा बघा : फ्रिट्झ १६, ओटमार १५. इथे आजच्या सवयीने फसायला होतं. त्या संघात आकडे जागेप्रमाणे दिलेले नव्हते. म्हणून १० नंबरचा शर्ट म्हणजे फ्रिट्झ असं धरलं, तर समोर निघतो मधला बचावपटू वेर्नर लीब्रिख.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ३० जून १९५४ च्या उपांत्य सामन्यात. बाझलला ऑस्ट्रियावर ६-१. सहापैकी चार गोल वाल्टरांचे, दोघांचे दोन-दोन. फ्रिट्झचे ५४व्या आणि ६४व्या मिनिटाला, दोन्ही पेनल्टीवर. ओटमारचे ६१व्या आणि ८९व्या मिनिटाला, दोन्ही चालू खेळात. म्हणजे गोलापुढे पेनल्टीची खूण असेल तर फ्रिट्झ. पूर्ण स्पर्धेत ओटमारचे ४ गोल आणि फ्रिट्झचे ३, तेही ओटमार एक सामना कमी खेळून. गटात हंगेरीकडून ३-८ असा मार बसला, त्या दिवशी प्रशिक्षक झेप हेर्बेर्गरने त्याला बाहेर ठेवलं होतं. फ्रिट्झ मात्र मैदानात होता.

दुसरा फरक काळाचा, आणि ही कसोटी बहुतेक वेळा एकटीच पुरते. फ्रिट्झचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२०, ओटमारचा ६ मार्च १९२४. राष्ट्रीय संघातून फ्रिट्झ १९४० ते १९५८ खेळला : ६१ सामने, ३३ गोल. ओटमार १९५० ते १९५६ : २१ सामने, १० गोल. त्यामुळे युद्धकाळातल्या जर्मन संघात वाल्टर दिसला की तो थोरलाच. जुलै १९४० मध्ये रुमानियाविरुद्ध पदार्पणातच तीन गोल करणारा मध्यभागी खेळत होता, म्हणून कुणी त्याला ओटमार समजतं. पण ओटमार तेव्हा सोळा वर्षांचा होता. उलट २२ नोव्हेंबर १९५० रोजी स्टुटगार्टला स्वित्झर्लंडविरुद्ध युद्धानंतरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यातला वाल्टर ओटमार आहे. फ्रिट्झ त्या संघात नव्हता. १९५८च्या विश्वचषकात पुन्हा फक्त फ्रिट्झ, वय ३७. गोथेनबर्गला स्वीडनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो जखमी झाला आणि तोच त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

युद्धाच्या कहाण्याही एकमेकांत मिसळतात. रुमानियातल्या मारामुरेश भागातल्या सिगेटच्या सोव्हिएत छावणीत जो पहारेकऱ्यांसोबत फुटबॉल खेळला, एका हंगेरियन पहारेकऱ्याने ज्याला ओळखलं आणि जो पुढे पूर्वेला, सोव्हिएत संघात पाठवला जाण्यापासून वाचला, तो फ्रिट्झ. मलेरियाही त्यालाच झाला होता. ऊन त्याला सोसत नसे, पावसात खेळ खुलायचा. जर्मनीत पावसाळी हवेला आजही 'फ्रिट्झ वाल्टर हवा' म्हणतात. ओटमार नौदलात होता, युद्धकाळात होल्श्टाइन कीलकडून खेळला आणि गुडघ्याला जखमा घेऊन परतला. त्या गुडघ्यावर त्याने पुढची कारकीर्द उभी केली, हे त्याचे गोल मोजताना लक्षात ठेवायला हवं.

क्लबकडून जर्मन विजेतेपद दोघांनी मिळून दोनदा जिंकलं, १९५१ आणि १९५३ साली. १९५१च्या अंतिम सामन्यात बर्लिनला प्रॉयसेन म्युन्स्टरवर २-१ असा विजय मिळाला, त्यातले दोन्ही गोल ओटमारचे. हा सामना सर्रास फ्रिट्झच्या नावाने सांगितला जातो.

आणखी एक सापळा. १९९१-९२च्या बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल साखळी स्पर्धेत, २२ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा स्टुटगार्टचा फ्रिट्झ वाल्टर वेगळाच, १९६० साली जन्मलेला. कायझर्सलाउटर्नचं मैदान १९८५ पासून ज्याच्या नावाने आहे, तो मात्र थोरला भाऊ. मृत्यूच्या तारखांतही एकाच दिवसाचा फरक आहे : फ्रिट्झ १७ जून २००२, ओटमार १६ जून २०१३. तारीख उतरवून घेताना वर्ष आधी तपासा.