हुक्क्याची सवय आणि पहिलं व्हेप

ब्रिटनमध्ये हुक्का सोडून व्हेपकडे, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटकडे, वळणारा माणूस पहिल्याच खरेदीत बहुधा फसतो. दुकानात त्याला पेनाएवढं सुबक उपकरण दाखवतात. तो हुक्क्याच्या सवयीने छाती भरून झुरका घेतो, आणि नळीतून येते जेमतेम चिमूटभर वाफ, वर घशाला चटका. आठवड्याभरात ते पेन खणात पडतं आणि हुक्का परत बाहेर येतो. पेन बिघडलेलं नसतं. त्याचा आणि ओढणाऱ्याच्या श्वासाचा मेळच बसलेला नसतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगितलं पाहिजे. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक बंद आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत ई-हुक्का नाव घेऊन आला आहे आणि निकोटिन नसलेलं उपकरणही त्यातून सुटत नाही. तेव्हा इथलं सगळं विवेचन ब्रिटनसारख्या देशांतल्या प्रौढांपुरतं. सुट्टीला मुंबईला येताना ‘एकच तर आहे’ म्हणून बॅगेत टाकू नये, तीही आयातच. (महाराष्ट्रात हुक्का पार्लरवरही २०१८पासून बंदी आहे, डिसेंबर २०१७मध्ये कमला मिलच्या आवारात आग लागली, त्यानंतरची.)

मुळात हुक्का सोडायचा कशासाठी? हुक्क्यात तंबाखूला थेट जाळ लागत नाही. काकवी किंवा मध आणि ग्लिसरीन यांत मुरवलेली तंबाखू चिलमीत, तिच्यावर फॉइल आणि फॉइलवर निखारा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः या कोळशातून येतो. पाण्याने धूर गाळला जातो अशी समजूत घट्ट आहे. पाणी धूर थंड करतं, थोडं निकोटिन धरून ठेवतं, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतो. बुडबुड्यांबरोबर तो जवळपास जसाच्या तसा छातीत जातो. धूर गार लागतो म्हणून माणूस उलट जास्त खोल ओढतो. व्हेपमध्ये कोळसा नाही, ज्वलन नाही, म्हणून हा वायूही जवळजवळ नाही. फायदा आहे तो एवढ्यात. निकोटिनचं व्यसन तसंच राहतं आणि वाफही निरुपद्रवी नसते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर हुक्का ओढणाऱ्याने व्हेप घेऊच नये. हुक्का लावायला अर्धा तास जातो, कोळसा विझला की बैठक संपते. व्हेप खिशात असतं, त्याची बैठक संपतच नाही. कधीमधी ओढणारा माणूस त्यापायी दिवसभर निकोटिन घेणारा होऊ शकतो. रोज ओढणाऱ्याचं गणित वेगळं, आणि पुढचं त्याच्यासाठी आहे.

सिगारेटचा एक झुरका साधारण ५० मिलिलिटरचा असतो. हुक्क्याचा अर्धा लिटर, कधी लिटरभरही. सिगारेटवाला धूर आधी तोंडात घेतो, मग आत खेचतो. हुक्केवाला थेट फुप्फुसात ओढतो. व्हेपचीही याच दोन सवयींप्रमाणे दोन घराणी आहेत. पेनासारख्या उपकरणात कॉइल (कापसात मुरलेला द्रव तापवणारी तार) एक ओहम किंवा वरची (ओहम हे तिच्या विद्युत रोधाचं माप), शक्ती १० ते १५ वॅट आणि हवेचं छिद्र बारीक. थेट फुप्फुसात ओढायच्या उपकरणात कॉइल ०.१५ ते ०.४ ओहम, शक्ती ४० ते ८० वॅट आणि हवेची फट रुंद. १२ वॅटवर तीन सेकंदांच्या झुरक्याला ३६ ज्यूल ऊर्जा मिळते, ६० वॅटवर १८०. पाचपट ऊर्जा म्हणजे ढोबळमानाने पाचपट वाफ.

पण एकदम ८० वॅटचा ठोकळा घ्यायचीही गरज नाही. हुक्क्याची आतली नळी पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेली असते आणि तेवढ्या पाण्याविरुद्ध ओढण्याची छातीला सवय झालेली असते. अगदी मोकळं उपकरण तिला पोकळ वाटतं. ०.३ ते ०.४ ओहमची कॉइल, ३० ते ४५ वॅट, हवा कमी-जास्त करायची सरकपट्टी आणि पुन्हा भरता येईल असं पॉड (द्रवाची छोटी टाकी), एवढं पहिल्या खरेदीला पुरतं. पट्टी अर्धी बंद केली की ओढ बरीचशी हुक्क्यासारखी लागते. बॅटरी आत बसवलेलीच बरी. सुट्या बॅटऱ्यांचं वेष्टण फाटलं किंवा त्या खिशात नाण्यांशेजारी राहिल्या तर शॉर्ट सर्किट होऊन पेटतात. एकदा वापरून फेकायची व्हेप ब्रिटनमध्ये १ जून २०२५पासून विकता येत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न मिटलाच.

द्रव निवडताना बहुतेक जण निकोटिनमध्ये चुकतात. ब्रिटनमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे आणि दुकानात तीच बाटली पुढे सरकवली जाते. ती बारीक पेनासाठी ठीक. ४० वॅटच्या उपकरणात तीच भरली तर वाफ कितीतरी जास्त, म्हणजे निकोटिनही तितकंच जास्त. चार झुरक्यांत गरगरायला लागतं, मळमळतं. इथे ३ मिलिग्रॅम पुरे. ते घरी जुळवायची पद्धतही सोपी आहे: ५० मिलिलिटर बिननिकोटिनचा द्रव ६० मिलिलिटरच्या बाटलीत मिळतो, त्यात १८ मिलिग्रॅम ताकदीची १० मिलिलिटरची कुपी ओतायची. एकूण १८० मिलिग्रॅम निकोटिन ६० मिलिलिटरमध्ये, म्हणजे बरोबर ३. कुपी मुलांच्या हाती लागू द्यायची नाही, आणि सांडली तर हात लगेच धुवायचे. ग्लिसरीन ७० टक्के असलेला द्रव घ्यावा. हुक्क्याच्या दाट, गोडसर धुराच्या जवळ तोच जातो. टाकीत तेल किंवा तेलात मिसळलेलं काहीही कधीच घालू नये. अमेरिकेत २०१९मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची जी साथ आली, तिचा मुख्य धागा गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपर्यंत गेला.

आता डबल ॲपल. हुक्केवाल्यांचा हा लाडका फ्लेवर, आणि त्यात सफरचंदाइतकीच बडीशेपेसारखी चव असते. ती चव देणारा ॲनेथॉल पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा शत्रू आहे. टाकी आधी धुरकट होते, मग केसासारख्या बारीक भेगा जातात आणि एक दिवस द्रव खिशात गळतो. दालचिनी आणि लिंबूवर्गी फ्लेवरचंही तेच. डबल ॲपल सोडवत नसेल तर काचेची टाकी असलेलंच उपकरण घ्यावं.

नवी कॉइल बसवली की तिच्या कापसावर द्रवाचे तीन-चार थेंब सोडून टाकी भरायची आणि दहा मिनिटं थांबायचं. कोरडी वात तापली की कापूस करपतो आणि ती जळकी चव पुन्हा जात नाही. कॉइल बदलावीच लागते. शिवाय ग्लिसरीन वाजवीपेक्षा जास्त तापलं की फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिन तयार होतात, म्हणून करपट लागलं तर त्याच क्षणी थांबायचं. पहिले काही झुरके कॉइलवर छापलेल्या सर्वांत कमी वॅटवर घ्यावेत. झुरक्यांमागून झुरके ओढण्याची हुक्क्यातली सवय इथे नडते, कारण घट्ट द्रव कापसात परत मुरायला वेळ लागतो. दोन झुरक्यांत अर्धं मिनिट जाऊ द्यावं. गुडगुड आवाज आला तर हुक्क्याची आठवण काढत बसू नये, कॉइलमध्ये द्रव तुंबलेला असतो. माउथपीस खाली धरून जोरात झटकायचं आणि टिश्यूने पुसायचं. गोड फ्लेवरमधला सुक्रलोज कॉइलवर काळा थर धरतो, त्यामुळे डबल ॲपल किंवा आंब्याच्या द्रवात कॉइल आठवडाभरात मान टाकते. कमी गोड पुदिन्यात दोन आठवडे सहज जातात.